कुणाची ही किल्ली?

आमच्या घरी एक स्टीलचा डबा आहे. मूळचा तो चकल्यांचा असावा, पण मला कळायला लागल्यापासून त्यात फक्त किल्ल्या आहेत. गोदरेजच्या कपाटाची जादा किल्ली, बाबांनी कधीच विकून टाकलेल्या स्कूटरची किल्ली, माझ्या शाळेतल्या सायकलची किल्ली (सायकल चोरीला गेली, किल्ली मात्र शाबूत आहे!), आणि निदान पंधरा अशा, की ज्यांचं कुलूप कुठे आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत मी तो डबा रिकामा करायला निघतो आणि दर दिवाळीला आई म्हणते, "राहू दे रे, तुझी जागा खातेय का? कधी काय लागेल सांगता येतं का?"

पूर्वी मी यावर हसायचो. २०२४ च्या मे महिन्यापासून हसत नाही.

तर झालं असं. आमच्या हापिसात ऑडिट येऊ घातलं होतं. ऑडिट म्हटलं की आमच्याकडे पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसा प्रकार सुरू होतो, म्हणजे जे दिसेल ते कपाटात कोंबायचं. पण या वेळी यादीतला एक मुद्दा कोंबता येण्यासारखा नव्हता: "वापरात नसलेल्या अ‍ॅक्सेस की काढून टाकणे". मॅनेजरने मीटिंगमध्ये इकडे तिकडे बघितलं, मी नेमका त्याच वेळी लॅपटॉपमधून मान वर काढली, आणि काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे कामं अशीच वाटली जातात.

ज्यांचा या प्रकाराशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमचं सगळं अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर आहे. डेटा ठेवायला एस-थ्री (मार्च २००६ मध्ये सुरू झालेली ही त्यांची जुनीजाणती सेवा), आणि कोणाला काय उघडता येईल ते ठरवायला आयएएम. एखाद्या प्रोग्रामला त्या डेटापर्यंत पोचायचं असेल तर त्याला माणसासारखा पासवर्ड टाइप करत बसता येत नाही, म्हणून त्याला एक की देतात. तिचे दोन भाग. एक २० अक्षरांचा आयडी, जो 'एकेआयए' या चार अक्षरांनी सुरू होतो आणि उघड असला तरी फारसं बिघडत नाही. दुसरं ४० अक्षरांचं सीक्रेट. हे सीक्रेट की बनवताना एकदाच दिसतं. तेव्हा कॉपी करून घेतलं तर घेतलं, नाहीतर नवीन की बनवा. प्रोग्राम प्रत्येक विनंतीवर त्या सीक्रेटने सही करतो आणि पलीकडे ती सही तपासली जाते. बस, एवढंच.

आणि एवढंच असल्यामुळे गंमत अशी होते की जो ते सीक्रेट एकदा कॉपी करतो तो ते कुठेही चिकटवू शकतो. कॉन्फिग फाइलमध्ये, मित्राच्या चॅटमध्ये, एक्सेलच्या शीटमध्ये, थेट कोडमध्ये. अशा विसरलेल्या की फार महागात पडतात. २०१६ साली उबरच्या इंजिनियरांच्या गिटहबवरच्या खासगी रिपॉझिटरीत हल्लेखोरांना अशीच अ‍ॅमेझॉनची की सापडली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती बाहेर गेली. जगाला ते कळलं नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे ऑडिटवाले उगाच छळत नाहीत. वापरात नसलेली की ही घराच्या पायपुसण्याखाली ठेवलेल्या किल्लीसारखी असते. काढायलाच हवी.

मुद्दा काढायच्या पद्धतीचा आहे.

आमच्या खात्यात ३८ युजर निघाले. युजर म्हणजे माणसं नव्हेत, बहुतेक प्रोग्रामच. नावं मात्र एकेक बघण्यासारखी: 'टेस्ट', 'टेस्ट२', 'न्यू-टेस्ट-फायनल', 'टेम्प-डोन्ट-डिलीट'. एका युजरला जास्तीत जास्त दोन की ठेवता येतात, त्यामुळे एकूण की झाल्या ५२. एकेक करून वेबपेजवर जाऊन बघायचा मला कंटाळा, आणि इंजिनियरला कंटाळा आला की तो स्क्रिप्ट लिहितो. एपीआय हाताशी होताच. लिस्ट-अ‍ॅक्सेस-कीज विचारली की युजरच्या की मिळतात. गेट-अ‍ॅक्सेस-की-लास्ट-यूज्ड विचारली की ती शेवटची कधी, कुठल्या सेवेसाठी, कुठल्या रीजनमध्ये वापरली ते कळतं. डिलीट-अ‍ॅक्सेस-की म्हटलं की खेळ खल्लास. तीन विनंत्या, एक लूप, मध्ये एक अट: ३० दिवसांत वापरली नसेल तर उडव.

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा डिलीटची ओळ बंद ठेवून नुसती यादी छापली. ३८ युजर, ३८ ओळी आणि प्रत्येक ओळीत एकच की. शेवटची चार अक्षरं ओळखीची वाटली म्हणून नीट बघितलं, तर ती माझीच! झालं होतं असं की लूपमध्ये मी युजरचं नाव पुढे पाठवायलाच विसरलो होतो. आणि या एपीआयची रीत अशी आहे की नाव नाही दिलं तर ज्याच्या कीने विनंतीवर सही केलीय तोच युजर धरायचा. डिलीटचंही तेच. तारखेची चाळणी मध्ये नसती तर मी स्वतःची किल्ली स्वतःच्याच सहीने गटारात टाकली असती आणि एपीआयने निमूटपणे "झालं" म्हणून सांगितलं असतं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्या शेखचिल्लीची गोष्ट लहानपणी वाचली होती, ती आठवली.

ही चूक पकडली म्हणून मी भलताच खूश झालो. आपण किती काळजीपूर्वक काम करतो, नुसती यादी आधी छापून बघतो वगैरे. शेजारच्या मित्राला ऐकवलंसुद्धा. पुढचं सगळं या खुशीतून झालं.

चूक दुरुस्त केली, यादी पुन्हा छापली. १७ की अशा होत्या ज्यांना ३० दिवसांत कोणी हात लावला नव्हता. त्यातल्या काही तर कधीच वापरल्या नव्हत्या. तारीख होती ३१ मे २०२४, वार शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. बाहेर वळवाचे ढग भरून आलेले आणि मला पाऊस सुरू व्हायच्या आत घरी पोचायचं होतं. डिलीटची ओळ चालू केली, एंटर मारला. सतरा वेळा 'झालं' छापून आलं. मी लॅपटॉप मिटला.

त्या सतरातली एक की शेवटची वापरली गेली होती ३० एप्रिलला. म्हणजे बरोब्बर ३१ दिवसांपूर्वी.

हुशार वाचकांनी ओळखलंच असेल. ही की दर महिन्याच्या शेवटच्या रात्री ११ वाजता वापरली जायची. मी ती त्या रात्रीच्या साडेपाच तास आधी उडवली. एक दिवस थांबलो असतो तर 'कालच वापरलेली' म्हणून ती यादीत आलीच नसती.

आमचा एक क्लायंट आहे, कंपन्यांना आणि सोसायट्यांना सिक्युरिटी गार्ड आणि हाउसकीपिंगची माणसं पुरवणारा. नाव सांगत नाही. साधारण दोनशे माणसं. प्रत्येक साइटवरचा सुपरवायझर मोबाइलवरून हजेरी लावतो, ती आमच्याकडे जमा होते आणि महिन्याअखेरीला तिची एक फाइल बनून एस-थ्रीवर पडते. त्यांच्या हापिसात अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमच्या कॉम्प्युटरवर एक छोटासा प्रोग्राम होता. माझ्या आधी या प्रोजेक्टवर असलेल्या कोणीतरी, बहुधा त्यांच्यावर उपकार म्हणून, एका दुपारी लिहून दिलेला. तो महिन्याच्या शेवटच्या रात्री ती फाइल उतरवून घ्यायचा आणि 'हजेरी' नावाने डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. दर महिन्याला तेच नाव, जुन्या फाइलवर नवी. मॅडम ती एक्सेलमध्ये उघडून पगारपत्रक करायच्या, ते बँकेत जायचं, सात तारखेला पगार.

३१ मेच्या रात्री प्रोग्राम उठला, दार वाजवलं, पलीकडून उत्तर आलं की या आयडीची की आमच्या दप्तरात नाही. हे उत्तर बघायला कोणी नव्हतं. प्रोग्रामने ते गिळलं आणि तो झोपी गेला. फोल्डरमध्ये एप्रिलची फाइल होती तशीच राहिली.

एरर आली असती तर किती बरं झालं असतं! फोल्डर रिकामं असतं तरी चाललं असतं. मॅडमनी फोन केला असता, आम्ही धावपळ केली असती, दोन तासांत विषय संपला असता. पण सोमवारी सकाळी मॅडमनी फोल्डर उघडलं तर तिथे फाइल होती. त्याच नावाची, त्याच रकान्यांची. कर्मचारी क्रमांक, एकूण दिवस, जादा पाळ्या. तारीख कुठेच नाही. आकडे अगदी खरे वाटण्यासारखे, कारण ते खरेच होते, फक्त एप्रिलचे होते. पगारपत्रक झालं. ७ जूनला मे महिन्याचा पगार एप्रिलच्या हजेरीवर जमा झाला.

आमच्याकडे तक्रार आली सोमवारी, १० जूनला. मी लॉग उघडला, ती २० अक्षरं बघितली. शेवटची चार ओळखीची वाटली. या वेळी माझी नव्हती, पण मी ती शुक्रवारी संध्याकाळी सतरा जणींच्या रांगेत बघितली होती. पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो.

मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो सर, काय झालंय ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त मे महिन्याची फाइल द्या. शनिवारपासून माणसं येऊन उभी राहतायत हो माझ्यासमोर."

फाइल मी पाच मिनिटांत हाताने काढून मेलवर पाठवली. पण की परत आणता येईना. डिलीट केलेली अ‍ॅक्सेस की परत येत नाही. कचऱ्याची टोपली नाही, तीस दिवसांची मुदत नाही, सपोर्टला गाठून गयावया करण्यातही अर्थ नाही. नवीन की बनवता येते, पण तिचा आयडी वेगळा आणि सीक्रेट वेगळं. ते त्या प्रोग्राममध्ये घालायचं तर त्याचा सोर्स कोड हवा. कोड कुठेच नव्हता. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला, की थेट एक्झीच्या पोटात शिवलेली. शेवटी दोन रात्री बसून मी तो प्रोग्राम नव्याने लिहिला आणि बुधवारी, १२ जूनला, तो बसवायला भोसरीला गेलो.

पाऊस होता. रेनकोट गळत होता. त्यांच्या हापिसच्या दारात गार्डने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, कुणाला भेटायचंय, सही. मी लिहीत असताना तो शेजारच्या दुसऱ्या गार्डशी बोलत होता, माझ्याकडे लक्ष न देता. "मी एप्रिलात गावाला होतो की. नऊ दिवसच भरले होते. ते कापले तेव्हाच. आता मेला सव्वीस भरले, तरी परत नऊच लावलेत ह्यांनी." दुसरा म्हणाला, "मिळतील रे." हा म्हणाला, "मिळतील, पण शाळा पंधराला सुरू होतेय ना."

मी सही केली. त्याने रजिस्टर फिरवून बघितलं, "मोबाइल नंबर राहिला साहेब" म्हणाला. मी तो लिहिला आणि आत गेलो. ते नऊ दिवस परत मी लावलेत, असं काही मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? गेट-अ‍ॅक्सेस-की-लास्ट-यूज्ड?

फरकाची रक्कम दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला जमा झाली. मेमध्ये नव्याने लागलेली अकरा माणसं होती, त्यांना ७ तारखेला काहीच मिळालं नव्हतं, त्यांचंही झालं. ऑडिट आम्ही उत्तम प्रकारे पास झालो. मॅनेजरने 'काय घडलं' याचा रिपोर्ट मागितला, तो मी लिहिला. त्यात वाक्य होतं, "जुन्या की काढण्याच्या प्रक्रियेदरम्यान एक वापरातली की डिलीट झाली." झाली! जणू पाऊस झाला. दोनदा वाचल्यावर ते "मी डिलीट केली" असं बदललं. मॅनेजरने ते परत "डिलीट झाली" केलं. असो.

त्यानंतर मी या विषयावर नको इतका विचार केला. आधी वाटलं की ३० ऐवजी ९० दिवस धरले असते तर वाचलो असतो. खरंय, हा प्रसंग टळला असता. पण मग तिमाहीला चालणारं एखादं काम ९२ दिवसांनी उठलं असतं. वर्षाला चालणारी कामं वेगळीच. आकडा कितीही घ्या, मी एका तारखेवरून एका माणसाबद्दल अंदाज बांधत होतो, आणि तो माणूस मला माहीतच नव्हता.

आईचा डबा आणि आमचं क्लाउड यांत फरक इथे आहे. डब्यातली किल्ली आपल्या हातात असते, कुलूप हरवलेलं असतं. ती फेकली तर फार तर आपलीच अडचण होणार. इकडे उलटं. कुलूप माझ्यासमोर आहे, किल्ली कुणाच्या खिशात आहे ते मला दिसत नाही. डिलीट म्हणजे मी किल्ली फेकत नसतो, कुलूप बदलत असतो. ज्याच्या खिशात ती आहे त्याला ते दारात उभं राहिल्यावर कळणार. तेही कळलं तर.

आणि याची सोय एपीआयमध्ये पहिल्यापासून होती, हे जास्त लागलं. अपडेट-अ‍ॅक्सेस-की नावाची एक विनंती आहे. तिने की 'इनॅक्टिव्ह' करता येते. इनॅक्टिव्ह की कोणतंही दार उघडत नाही, म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने ती मेल्यातच जमा. पण कोणी बोंब मारली तर तीच विनंती उलट पाठवायची आणि की परत 'अ‍ॅक्टिव्ह'. तोच आयडी, तेच सीक्रेट, पलीकडच्या प्रोग्राममध्ये एक अक्षर बदलायला नको. मी त्या शुक्रवारी नुसतं इनॅक्टिव्ह केलं असतं तर भोसरीचा प्रोग्राम तसाही पडला असता आणि एप्रिलची फाइलही तशीच राहिली असती, हे कबूल. पण तक्रार आल्यावर मला दोन रात्री कोड लिहावा लागला नसता. आणि एवीतेवी नुसतं झोपवायचंच आहे म्हटल्यावर मी ते महिनाअखेरीला करायचंही कारण नव्हतं. दहा तारखेला केलं असतं, लोकांना आधी सांगितलं असतं.

याहून मजेची गोष्ट म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वेबपेजवर जाऊन की डिलीट करायला गेलात तर ते आधी ती इनॅक्टिव्ह करायला लावतं, मगच डिलीटचं बटण दाबू देतं. ही पायरी एपीआयला नाही. एपीआय तुम्हाला मोठं समजतो. चालू की आहे, पाच मिनिटांपूर्वी वापरलीय, तरी डिलीट म्हणालात ना, हे घ्या. मी कंटाळा करून जे वेबपेज टाळलं त्यानेच बहुधा मला एक क्षण थांबवलं असतं.

मग प्रश्न पडला, की एपीआयला अशी मुदत का ठेवली नसेल? त्यांच्याकडे केएमएस म्हणून डेटा एन्क्रिप्ट करायच्या कीची सेवा आहे. तिथली की तुम्हाला ताबडतोब डिलीट करताच येत नाही. कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवस ती टांगून ठेवावी लागते, त्या काळात मन बदललं तर रद्द करता येतं. बरोबरच आहे, ती की गेली तर तिने बंद केलेला डेटा कायमचा गेला. अ‍ॅक्सेस कीचं तसं नाही. ती गेली तरी डेटा जागेवर असतो, फक्त वाट बंद होते. आणि की चोराच्या हाती लागली असेल तर सात दिवस थांबा म्हणणं म्हणजे वेडेपणाच. म्हणून मुदतीची जबाबदारी त्यांनी आपल्यावर टाकलीय. इनॅक्टिव्ह करून थांबणं हीच मुदत. किती थांबायचं ते आपण ठरवायचं, आणि ते आपल्या ऑडिटच्या तारखेवरून नाही, तर की वापरणाऱ्याच्या कामाच्या चक्रावरून. पगार असेल तर एक महिनाअखेर जाऊ द्यायची, हिशेब असेल तर मार्च.

चोरीची गोष्ट निघालीच आहे तर सांगून टाकतो. तिथे सगळं उलटं. की बाहेर फुटल्याचं कळलं की आधी इनॅक्टिव्ह, चौकशी नंतर. पण त्यातही एक मेख आहे. कीच्या जोरावर तात्पुरती ओळखपत्रं काढता येतात, ती ३६ तासांपर्यंत चालू शकतात आणि मूळ की डिलीट केली तरी ती आपोआप मरत नाहीत. चोराने ती आधीच काढून ठेवली असतील तर तुम्ही की उडवून निवांत झोपता आणि तो आत फिरत असतो. त्यासाठी त्या युजरच्या परवानग्याच वेगळ्या नियमाने अडवाव्या लागतात.

उलट काही गोष्टी कीबरोबर लगेच मरतात आणि त्या लक्षात येत नाहीत. एस-थ्रीवरच्या फाइलची एक तात्पुरती लिंक बनवून मेलने पाठवता येते, जास्तीत जास्त सात दिवसांची. ती लिंक ज्या कीच्या सहीने बनवली ती की बंद झाली की लिंकही बंद. सोमवारी कोणाला तरी 'आठवडाभर चालेल' म्हणून लिंक पाठवावी आणि मंगळवारी की काढावी, की बुधवारी फोन आलाच समजा.

लॉग बघून खात्री करू म्हणाल तर तिथेही सावध. क्लाउडट्रेलमध्ये गेल्या ९० दिवसांचा इतिहास आपोआप मिळतो खरा, पण एस-थ्रीमधून नुसती फाइल उतरवली तर त्याची नोंद त्यात मुळातच होत नाही, ती वेगळी चालू करावी लागते. मी त्या शुक्रवारी तिथेही डोकावलो होतो. भोसरीच्या कीचं नाव नव्हतं, म्हणून मी अधिकच निर्धास्त झालो. ती बिचारी फाइल उतरवण्यापलीकडे काही करतच नव्हती.

हल्ली माझी स्क्रिप्ट डिलीट करत नाही, नुसतं झोपवते. झोपवण्याआधी शेवटच्या वापराची तारीख, सेवा आणि तो युजर कोणी बनवला याचा जो काही माग लागेल तो एका कागदावर येतो, आणि मी तो कागद घेऊन माणसांकडे जातो. मेल नाही, प्रत्यक्ष. मेलला 'ओके' असं उत्तर येतं आणि ते न वाचताच आलेलं असतं. समोर उभं राहिलं की माणूस म्हणतो, "थांब हं, हे ते दिवाळीचं नाही ना?" डिलीट वेगळ्या दिवशी, वेगळ्या कमांडने, युजरचं नाव आणि कीचा आयडी दोन्ही हाताने लिहून. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकरा, सगळे जागेवर असताना. मध्येच नेटवर्क गेलं आणि उत्तर आलं नाही तर तीच विनंती पुन्हा पाठवतो. 'अशी की नाही' म्हणून एरर आली तर पहिलीच लागू पडली होती असं समजायचं, पण आयडी परत एकदा अक्षर न् अक्षर ताडून. मित्र म्हणतो, "अरे, तू पूजा घालतोस का की डिलीट करतोस?" म्हणू दे.

आणि शक्य तिथे मी की देतच नाही. प्रोग्राम क्लाउडमध्येच चालत असेल तर त्याला रोल देता येतो, त्याची तात्पुरती ओळखपत्रं आपोआप बदलत राहतात, कॉपी करून डेस्कटॉपवर चिकटवायला काही उरतच नाही. पण मॅडमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला ते सहज जमणारं नव्हतं. म्हणून तिथे एका युजरला दोन की ठेवता येतात याचा फायदा घेतो. ही दोनाची मर्यादा मला आधी कंजूषपणा वाटायची. ती बदलण्यासाठीच आहे: दुसरी बनवायची, तिकडे नेऊन घालायची, पहिलीचा वापर थांबलेला डोळ्यांनी बघायचा, मग पहिली झोपवायची. वर्षातून दोनदा भोसरीची फेरी होते. गार्ड आता रजिस्टर पुढे करताना माझं नाव स्वतःच सांगतो. मी जुना प्रोग्राम बदलला तेव्हा फाइलच्या नावात महिना घातला आणि फाइल उतरली नाही तर स्क्रीनभर लाल अक्षरांत मराठीत तसं लिहून येईल अशी सोय केली. एवढं एक काम त्या आठवड्यातलं मला बरं वाटतं.

त्या वेळी नव्याने दिलेली पहिली की पुढच्या अदलाबदलीत जुनी झाली. ती झोपवली, तरी डिलीट करायला हात धजेना. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "दर महिन्याचं नवीनवर चालतंय हो, पण बोनसचं मी दिवाळीला काढते, ते एकदा होऊ दे." मग दिवाळी होईपर्यंत ती इनॅक्टिव्ह पडून राहिली. ऑडिटच्या यादीत दर महिन्याला तिच्यापुढे मी 'बोनस' एवढंच लिहायचो आणि दर महिन्याला कोणीतरी येऊन त्याचा अर्थ विचारायचं.

बोनस झाला. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराला मी युजरचं नाव लिहिलं, आयडी लिहिला, दोनदा ताडला, एंटर मारला. डिलीट यशस्वी झालं की ती कमांड काहीच बोलत नाही, नुसती पुढची रिकामी ओळ येते. मी थोडा वेळ तिच्याकडे बघत बसलो आणि मग मॅडमना फोन लावला. म्हटलं, "मॅडम, ती जुनी किल्ली आज काढून टाकली, कळवावं म्हटलं."

"बरं झालं सर," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "पण कुठली हो किल्ली? खालच्या गेटची का?"